७४ फटके आणि एक गाणे : इराणी सत्ता गायकांना का घाबरते?

नवी दिल्ली : इराणमधील गायक मेहदी यर्राही यांना ५ मार्च २०२५ रोजी ७४ फटके मारण्यात आले. त्यांना झालेल्या शिक्षेचा हा शेवटचा भाग होता. तो पार पडताच त्यांच्याविरुद्धचा खटला कागदोपत्री संपला. या खटल्याची सुरुवात एका गाण्यापासून झाली होती. महसा अमिनी या २२ वर्षांच्या तरुणीच्या मृत्यूला वर्ष पूर्ण होत आले असताना, ऑगस्ट २०२३ मध्ये, यर्राही यांनी ‘रूसरीतो’ म्हणजे ‘तुझा डोईचा रुमाल’ हे गीत प्रसिद्ध केले. हिजाबची सक्ती झुगारून देण्याचे आवाहन त्यात होते. काही दिवसांतच, २८ ऑगस्ट रोजी, त्यांना अटक झाली. जानेवारी २०२४ मध्ये दोन वर्षे आठ महिन्यांचा तुरुंगवास आणि ७४ फटके अशी शिक्षा जाहीर झाली. त्यातील प्रत्यक्ष भोगावयाचा तुरुंगवास पुढे प्रकृतीच्या कारणास्तव घरातच, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून पूर्ण करण्याची मुभा मिळाली. फटक्यांना मात्र माफी मिळाली नाही.

ज्या सत्तेच्या हाती सैन्य, क्रांतिरक्षक दल, न्यायालये, दूरचित्रवाणी आणि तेलाचा पैसा आहे, तिला एका गायकाच्या पाठीवर फटके ओढण्याची गरज का भासावी? तेही गाणे प्रसिद्ध झाल्यानंतर दीड वर्षाने, ते लाखो लोकांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसल्यावर? या प्रश्नाचे उत्तर केवळ इराणच्या राजकारणात नाही. गाणे नेमके काय करते आणि सत्ता त्यातील कोणत्या गोष्टीला घाबरते, हे समजून घेतल्याशिवाय ते हाती लागत नाही.

चाळीस सेकंदांत नव्हे, अठ्ठेचाळीस तासांत

सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाब ‘योग्य रीतीने’ न घातल्याच्या कारणावरून तेहरानच्या नीतिरक्षक पोलिसांनी महसा अमिनी यांना ताब्यात घेतले आणि १६ सप्टेंबर रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभर उसळलेल्या आंदोलनात ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा घराघरात पोहोचली. आंदोलक रस्त्यावर का उतरले आहेत, याची कारणे सामान्य नागरिक ट्विटरवर एकेका वाक्यात लिहीत होते. ‘अमक्यासाठी’, ‘तमक्यासाठी’ अशा घाटाची ती वाक्ये होती. शेरविन हाजीपूर या पंचविशीतील गायकाने त्यांतील काही निवडली, चाल लावली आणि ‘बराये’ हे गीत इन्स्टाग्रामवर टाकले. हिंदी-उर्दूतील ‘बराए मेहरबानी’ या प्रयोगातला हाच तो शब्द. ‘बराये’ म्हणजे ‘साठी’.

हाजीपूर हे मुळात बंडखोर म्हणून ओळखले जाणारे गायक नव्हते. सरकारी दूरचित्रवाणीच्याच प्रतिभाशोध स्पर्धेतून ते लोकांपुढे आले होते. त्यांच्या गाण्यात शिवीगाळ नव्हती, सत्ताधाऱ्यांपैकी कुणाचे नाव नव्हते. रस्त्यावर मोकळेपणाने नाचण्याची इच्छा, अफगाण निर्वासित मुले, तेहरानची प्रदूषित हवा, नामशेष होत चाललेला आशियाई चित्ता अशा साध्यासुध्या गोष्टींची ती यादी होती. ४८ तासांच्या आत सुमारे चार कोटी वेळा ते पाहिले गेले. त्यानंतर हाजीपूर यांना अटक झाली आणि त्यांच्या खात्यावरून गाणे नाहीसे झाले. तोवर त्याच्या प्रती सर्वत्र पसरलेल्या होत्या. ४ ऑक्टोबर रोजी ते जामिनावर सुटले. ५ फेब्रुवारी २०२३ रोजी, सामाजिक परिवर्तनासाठीच्या सर्वोत्तम गीताचा पहिलावहिला विशेष ग्रॅमी पुरस्कार ‘बराये’ला जाहीर झाला.

पुरस्काराने त्यांना कायद्यापासून वाचवले नाही. १ मार्च २०२४ रोजी हाजीपूर यांनीच आपल्याला तीन वर्षे आठ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाल्याचे सांगितले. दंगलीस चिथावणी आणि राज्यव्यवस्थेविरुद्ध प्रचार, असे आरोप होते. शिवाय देशाबाहेर जाण्यास दोन वर्षे बंदी. निकालातील आणखी एक आदेश तर विलक्षण होता. अमेरिकेच्या गुन्ह्यांविषयी गाणे रचून ते प्रसिद्ध करावे, असे न्यायालयाने त्यांना फर्मावले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याला माफी मिळाल्याचे त्यांनी सांगितले. तथापि, त्या आदेशातून सत्तेचे मन उघड झाले होते. गाण्याचा परिणाम होत नाही असे वाटणारी सत्ता गायकाला शिक्षा म्हणून गाणे रचायला लावत नाही.

फाशीपर्यंत गेलेला रॅप

तूमाज सालेही यांची वाट हाजीपूर यांच्याहून वेगळी. इस्फहान प्रांतातील हा रॅपर धातुकामाच्या कारखान्यात राबणारा. त्यांची भाषा थेट, बोचरी आणि नावानिशी बोट दाखवणारी. २०२१ मधील ‘सूराख मूश’ म्हणजे ‘उंदराचे बीळ’ या गाण्यात त्यांनी केवळ राज्यकर्त्यांना नव्हे, तर अन्याय दिसत असूनही मान फिरवणाऱ्यांना आणि सत्तेची तळी उचलणाऱ्यांनाही धारेवर धरले. त्या वर्षी त्यांना पहिली अटक झाली. आंदोलन ऐन भरात असताना, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना पुन्हा पकडण्यात आले. काही दिवसांतच सरकारी माध्यमांनी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेतील त्यांची एक चित्रफीत दाखवली. त्यात ते आपल्या शब्दांबद्दल माफी मागताना दिसत होते.

जुलै २०२३ मध्ये त्यांना सहा वर्षे तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल सदोष ठरवला आणि १८ नोव्हेंबर रोजी सालेही जामिनावर बाहेर आले. कोठडीत आपला छळ झाल्याचे त्यांनी एका चित्रफितीत सांगितले, आणि ३० नोव्हेंबर रोजी, म्हणजे सुटकेनंतर १२ दिवसांनी, ते पुन्हा गजाआड गेले. २४ एप्रिल २०२४ रोजी त्यांच्या वकिलांनी जाहीर केले की, इस्फहानच्या क्रांती न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली आहे. आरोप होता ‘इफ्साद फिल-अर्ज’, म्हणजे पृथ्वीवर फसाद माजवणे. जगभरातून निषेध झाला. २२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली आणि १ डिसेंबर २०२४ रोजी सालेही तुरुंगातून सुटले.

कुर्द रॅपर सामान यासीन यांच्याही वाट्याला असेच भोग आले. त्यांनाही आंदोलनाच्या काळात मृत्युदंड झाला होता आणि डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला ठेवला. एकाच कालखंडात दोन गायक फाशीच्या दोराच्या इतक्या जवळ गेले, ही बाब अपवाद म्हणून सोडून देता येणारी नाही.

परवान्याची चौकट

इराणमधील संगीतावरचा पहारा २०२२ पासून सुरू झालेला नाही. १९७९ च्या क्रांतीनंतर काही महिन्यांतच अयातुल्ला खोमेनी यांनी संगीताची तुलना अफूशी केली होती. पाश्चात्त्य धाटणीचे लोकप्रिय संगीत नभोवाणीवरून हद्दपार झाले. पुरुष श्रोत्यांसमोर स्त्रीने एकटीने गाण्यावर बंदी आली. गुगूश या त्या काळातील सर्वांत लोकप्रिय गायिकेने त्यानंतर सुमारे दोन दशके इराणमध्ये राहूनही जाहीरपणे एक सूर लावला नाही. २००० साली देशाबाहेर पडल्यावरच त्या पुन्हा मंचावर दिसल्या. देश सोडून गेलेल्यांनाही सुरक्षिततेची हमी नव्हती. सत्तेची जाहीर टिंगल करणारे गायक आणि कार्यक्रम-सादरकर्ते फरीदून फर्रुखजाद यांचा ऑगस्ट १९९२ मध्ये जर्मनीतील बॉन येथील त्यांच्या घरात खून झाला.

कालांतराने बंदीची जागा परवान्याने घेतली. गीताचे शब्द, चाल, गायक, कार्यक्रमाचे स्थळ या प्रत्येकासाठी संस्कृती आणि इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाची परवानगी लागते. ही व्यवस्था वरकरणी बंदीपेक्षा सौम्य वाटते. व्यवहारात ती अधिक परिणामकारक ठरते. बंदी आली की प्रत्येक कलावंत आपोआप विरोधक होतो. परवान्याच्या व्यवस्थेत त्याच्यापुढे काहीतरी गमावण्याची भीती ठेवलेली असते. उद्याचा कार्यक्रम, पुढची ध्वनिफीत, साथीदारांची रोजीरोटी या सगळ्याचा हिशेब करूनच तो शब्द निवडतो. यर्राही हेही याच परवान्याच्या चौकटीतले, मोठ्या सभागृहांत गाणारे गायक होते. खुजेस्तान प्रांतातील अहवाझचे असलेल्या यर्राही यांच्या कार्यक्रमांवर यापूर्वीही, २०१८ मध्ये, युद्धाच्या झळांविषयीच्या एका चित्रफितीनंतर बंदी आली होती. त्यामुळे ‘रूसरीतो’ हा अनोळखी मुलाने भूमिगत स्टुडिओत केलेला उपद्व्याप नव्हता. चौकटीत राहून नाव कमावलेल्या माणसाने ती चौकट जाणीवपूर्वक ओलांडली होती. शिक्षेच्या कठोरपणामागे हेही एक कारण असावे.

ही चौकट किती ठिसूळ झाली आहे, हे डिसेंबर २०२४ मध्ये दिसले. परस्तू अहमदी या गायिकेने एका जुन्या कारवाँसराईच्या अंगणात, समोर एकही श्रोता नसताना, उघड्या केसांनी आणि उघड्या खांद्यांनी मैफल केली आणि ती यूट्यूबवर प्रसिद्ध केली. परवाना मागण्याचा प्रश्नच नव्हता. मिळणारच नव्हता. न्याययंत्रणेने गुन्हा नोंदवला, अहमदी आणि त्यांचे दोन साथीदार यांना ताब्यात घेण्यात आले आणि थोड्याच वेळात सोडूनही देण्यात आले. तोवर मैफल लाखोंनी पाहिली होती.

सत्तेचेही गाणे असते

इराणी सत्तेला गाण्याची ताकद कळत नाही, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. उलट ती तिला फार चांगली कळते. मार्च २०२२ मध्ये ‘सलाम फरमांदेह’ म्हणजे ‘सलाम, सेनापती’ हे धार्मिक-राजकीय गीत प्रसिद्ध झाले. शाळकरी मुलांच्या समूहांकडून ते गाववार गाऊन घेतले गेले. २६ मे रोजी तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये प्रचंड जनसमुदायाने ते एका सुरात म्हटले. सरकारी दूरचित्रवाणीने त्याचा गाजावाजा केला आणि नव्या पिढीच्या निष्ठेचा तो पुरावा म्हणून मांडला गेला.

त्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी ‘बराये’ आले. एकीकडे बसगाड्या, मैदान, ध्वनिक्षेपक, सरकारी वाहिन्या आणि शाळांची यंत्रणा. दुसरीकडे एका तरुणाची खोली आणि मोबाइल. तरीही दोन गाण्यांतील फरक केवळ साधनांचा नाही. पहिल्या गाण्यात एकाला उद्देशून हजारो जण बोलतात. दुसऱ्यात हजारो जण एकमेकांना उद्देशून बोलतात. ‘बराये’चे शब्द मुळात लोकांचेच असल्यामुळे ऐकणाऱ्याला आपलेच म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले. माझ्या मनात जे आहे ते शेजाऱ्याच्याही मनात आहे, ही जाणीव हुकूमशाहीला परवडत नाही. भीतीचे राज्य चालते ते प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटत असते म्हणून. गाणे हा एकटेपणा मोडते. घोषणेपेक्षा ते अधिक काळ टिकते, पत्रकाप्रमाणे ते जप्त करता येत नाही आणि ते म्हणण्यासाठी नेत्याची गरज लागत नाही.

या संदर्भात इराणी परंपरेचे स्मरण आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या संविधान क्रांतीत आरेफ कझवीनी यांच्या गीतांनी सभा गाजवल्या होत्या. कवी मलिक-उश-शुअरा बहार यांचे शब्द आणि मुर्तझा नैदाऊद यांची चाल असलेले ‘मुर्ग-ए-सहर’ म्हणजे ‘पहाटेचा पक्षी’ हे गीत जवळपास शतकभर इराणी लोक अन्यायाविरुद्धचे गाणे म्हणून गात आले आहेत. शास्त्रीय गायक मोहम्मद-रझा शजरियान यांच्या मैफलीचा शेवट श्रोत्यांच्या आग्रहाखातर अनेकदा याच गीताने होत असे. २००९ च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर आंदोलकांना ‘काडीकचरा’ म्हटले गेले, तेव्हा शजरियान यांनी आपला आवाज हा त्या काडीकचऱ्याचाच आवाज असल्याचे सांगितले आणि सरकारी वाहिन्यांनी आपली गाणी वाजवू नयेत, अशी मागणी केली. रमजानच्या उपवास सोडण्याच्या वेळी वर्षानुवर्षे ऐकवली जाणारी त्यांची ‘रब्बना’ ही प्रार्थनाही मग वाहिन्यांवरून गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा तेहरानच्या रुग्णालयाबाहेर जमलेल्या गर्दीने त्यांची गाणी म्हटली आणि सरकारी वाहिनीविरुद्ध घोषणा दिल्या. रॅपर सालेही आणि शास्त्रीय गायक शजरियान यांच्या संगीतात काहीच साम्य नाही. दोघांनी सत्तेला जे नाकारले, ते मात्र एकच आहे.

‘आवाज’, ‘जामीन’, ‘फसाद’ हे शब्द मराठीत आणि हिंदीत फारसीच्या वाटेनेच आले. इराणी संगीतात ‘आवाज’ याचा अर्थ गायन असाही होतो. इराणमधील गायकांच्या गेल्या काही वर्षांच्या कहाण्या या तीन शब्दांत जवळजवळ पूर्ण सांगता येतात.

शिक्षा गायकाला, इशारा श्रोत्याला

तिन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली की शिक्षेची एक ठरावीक पद्धत दिसते. प्रथम अटक. मग माफीची किंवा कबुलीची चित्रफीत. त्यानंतर जामीन, ज्यासाठी मोठी मालमत्ता किंवा रक्कम अडकवून ठेवावी लागते. मग महिनोन्महिने लांबणारा खटला. शिक्षा, अपील, फेरविचार, पुन्हा अटक, कधी माफी. यातला प्रत्येक टप्पा कायद्याच्या पुस्तकात बसवलेला असतो. परिणाम मात्र असा होतो की, माणूस ना पुरता तुरुंगात असतो, ना पुरता मोकळा. सालेही यांना बाहेरची हवा १२ दिवस मिळाली. हाजीपूर यांच्या डोक्यावर अटकेपासून माफीपर्यंत सुमारे दोन वर्षे टांगती तलवार होती. यर्राही यांच्या बाबतीत अटक आणि फटके यांच्यात अठरा महिन्यांचे अंतर आहे. गायकाचे पुढचे गाणे लांबणीवर टाकणे हाच या विलंबाचा उपयोग असतो.

सरकारची बाजू वेगळी आहे. २०२२ ची आंदोलने अमेरिका आणि इस्रायलने घडवून आणलेल्या दंगली होत्या, असे सर्वोच्च नेते अयातुल्ला खामेनी यांनी ३ ऑक्टोबर २०२२ रोजी म्हटले होते. गायकांवरील खटले अभिव्यक्तीबद्दल नसून हिंसेला चिथावणी देण्याबद्दल आहेत, असा न्याययंत्रणेचा पवित्रा राहिला. त्या आंदोलनात सुरक्षा दलांतील माणसेही मारली गेली, हे खरे आहे. तथापि, संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, विश्वासार्ह आकडेवारीप्रमाणे ५५१ आंदोलक मारले गेले. त्यात ४९ स्त्रिया आणि ६८ मुले होती. अमिनी यांच्या मृत्यूला कारणीभूत ठरलेल्या शारीरिक हिंसेची जबाबदारी राज्यसंस्थेवर येते, असाही निष्कर्ष या मंडळाने काढला. या पार्श्वभूमीवर चिथावणीचा आरोप गाण्यावर ठेवणे म्हणजे आगीचा दोष धुराला देण्यासारखे आहे.

इतर देश, इतर उपाय

गाण्याशी कसे लढायचे, हा प्रश्न अनेक राजवटींना पडला आहे आणि प्रत्येकीने आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर शोधले आहे. बेलारूसमध्ये ६ ऑगस्ट २०२० रोजी, अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, विरोधी उमेदवाराच्या सभेला जागा मिळू नये म्हणून प्रशासनाने मिन्स्कच्या एका उद्यानात सरकारी कार्यक्रम ठेवला. तेथील दोन ध्वनितंत्रज्ञांनी अचानक ‘किनो’ या सोव्हिएत काळातील रॉक समूहाचे परिवर्तनाची मागणी करणारे गाणे वाजवले. दोघांना दहा दिवसांची कोठडी मिळाली. ते गाणे त्यांनी लिहिले नव्हते, गायलेही नव्हते. १९८० च्या दशकातील, मूळ गायक केव्हाच निवर्तलेला. केवळ वाजवणे हाच गुन्हा ठरला.

हाँगकाँगमध्ये तर न्यायालयात उभे राहायला गायकच नव्हता. २०१९ च्या आंदोलनात जन्मलेले ‘ग्लोरी टू हाँगकाँग’ हे गीत टोपणनावाने लिहिले गेले होते आणि अनेकांनी मिळून घडवले होते. सरकारने मग गाण्याविरुद्धच दाद मागितली. उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये नकार दिला. अपील न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी मनाई हुकूम दिला आणि यूट्यूबने ३२ चित्रफिती हाँगकाँगमधील प्रेक्षकांसाठी बंद केल्या. म्यानमारमध्ये फ्यो झेया थॉ यांची कहाणी अधिक काळी आहे. देशातील हिप-हॉपच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या या गायकाने लष्करशाहीविरोधी युवक चळवळ उभारली, २००८ मध्ये तुरुंगवास पत्करला आणि पुढे तो खासदार झाला. २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्याच्यावर दहशतवादाचे आरोप ठेवण्यात आले. जुलै २०२२ मध्ये त्याला फाशी दिली गेली. आरोप गाण्याचा नव्हता. मात्र तो तरुणांचा नेता झाला होता तो गाण्यामुळेच.

वाजवणारा, गाणे आणि गाण्यातून घडलेला नेता असे हे तीन निशाणे आहेत. इराणने निवडलेला चौथा निशाणा म्हणजे गायकाचे शरीर. फटक्यांच्या शिक्षेचा अर्थ तिथे शोधावा लागतो. तुरुंगवास माणसाला नजरेआड करतो. फटके त्याला पुन्हा लोकांत सोडतात, मात्र अपमान सोबत देऊन. यर्राही यांच्या बाबतीत हा हिशेब चुकला. शिक्षेची बातमी पसरताच ‘रूसरीतो’ नव्याने ऐकले गेले, आणि अपमान कुणाचा झाला याबद्दल देशाबाहेर तरी फारसे दुमत राहिले नाही.

गाण्याने काय साधले?

येथे भावनेपेक्षा हिशेबाला महत्त्व द्यावे लागेल. गाण्यांनी इराणमधील सत्ता उलथवली नाही. आंदोलन रस्त्यावरून दडपले गेले. डिसेंबर २०२२ पासून आंदोलकांना फाशी देण्यास सुरुवात झाली. ज्यांना गाता येत नव्हते, ज्यांची नावे जगाला ठाऊक नव्हती, त्यांच्यापैकी काहींसाठी जगभरातून आवाज उठेपर्यंत उशीर झालेला होता. सालेही यांची फाशी आंतरराष्ट्रीय दबावामुळेच रद्द झाली, असे सिद्ध करता येणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की, त्यांच्या नावाला मिळालेल्या प्रसिद्धीने त्या फाशीची राजकीय किंमत वाढवली होती. तशी किंमत प्रत्येक कैद्याच्या जिवाला लावली जात नाही, ही यातली कटू बाजू आहे.

पुरस्कारांचेही तसेच. ग्रॅमीच्या मंचावर अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांनी ‘बराये’चे नाव पुकारले. तो सन्मान प्रामाणिक होता, पण ‘परकीय शत्रूचा हात’ शोधणाऱ्या फिर्यादी पक्षाला तो आयता हाती लागण्याजोगा होता. लॉस एंजेलिसमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली नाही. गायकाला न्यायालयात जावे लागले. परदेशातील श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवणे गरजेचे आहे. निषेधगीत ऐकणे ही सहानुभूती झाली. गायकाच्या खटल्याची तारीख, त्याचा वकील, त्याची प्रकृती यांच्याकडे गाणे जुने झाल्यावरही लक्ष ठेवणे ही खरी मदत होय.

तरीही गाण्यांचे खाते रिकामे नाही. आज तेहरानच्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने स्त्रिया उघड्या डोक्याने वावरताना दिसतात. हिजाबसंबंधीचा अधिक कठोर कायदा संसदेने संमत केला असूनही डिसेंबर २०२४ मध्ये त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकावी लागली. याचे श्रेय रोजच्या रोज धोका पत्करणाऱ्या त्या स्त्रियांचे आहे, गायकांचे नव्हे. गाण्यांनी केले ते एवढेच की, त्या स्त्रिया एकट्या नाहीत हे त्यांना ऐकू येत राहिले. २०२२ मध्ये विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थिनींनी म्हटलेल्या यर्राही यांच्याच ‘सुरूद-ए-जन’ म्हणजे ‘स्त्रीचे गीत’ या रचनेने हे काम आधीच सुरू केले होते.

दुसरे काम नोंदीचे. खटल्यांची कागदपत्रे सरकारच्या ताब्यात असतात, वृत्तपत्रांवर नियंत्रण असते, इंटरनेट बंद करता येते. अशा वेळी लोक कशासाठी बाहेर पडले होते, याची नोंद ‘बराये’सारख्या गीतात टिकते. पुढे कुणी त्या दिवसांचा इतिहास लिहू लागला, तर दंगलीच्या सरकारी आवृत्तीशेजारी त्याला ही यादीही ठेवावी लागेल.

अशा नोंदींना न्याय किती उशिरा भेटतो, याचे उदाहरण चिलीत आहे. सप्टेंबर १९७३ मधील लष्करी उठावानंतर गायक व्हिक्टर हारा यांना सँटियागोच्या एका बंदिस्त क्रीडागृहात डांबून छळ करण्यात आला आणि त्यांची हत्या झाली. त्यांच्या देहात ४० हून अधिक गोळ्या आढळल्या. त्यांची पत्नी जोन हारा यांनी ध्वनिमुद्रिते देशाबाहेर नेऊन जपली. ते क्रीडागृह आता हारा यांच्याच नावाने ओळखले जाते. २०१९ मध्ये विषमतेविरुद्ध चिलीची जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा हारा यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या तरुणांनी त्यांचे गाणे समूहाने म्हटले. हत्येबद्दल सात माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षेवर तेथील सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते २८ ऑगस्ट २०२३ रोजी. मेहदी यर्राही यांना तेहरानमध्ये अटक झाली, तो हाच दिवस.

यर्राही यांची शिक्षा संपली आहे आणि सालेही तुरुंगाबाहेर आहेत. परवान्याची व्यवस्था, स्त्रीच्या एकल गायनावरील बंदी आणि ‘फसाद’चे कलम मात्र जागच्या जागी आहे. पुढचे गाणे कोण लिहील, हे कुणालाच सांगता येणार नाही. ते आल्यावर न्यायालयाला नवा कायदा करावा लागणार नाही, आणि श्रोत्यांना ते शोधायला फार दूर जावे लागणार नाही.